लाल बावटा, चांदा आणि संसदेची दप्तरं

जुन्या चांद्यातून, म्हणजे आताच्या चंद्रपूर-गडचिरोलीतून, लोकसभेत आजवर एकही कम्युनिस्ट खासदार गेलेला नाही. विदर्भात १९८९ साली अमरावतीतून भाकपचे सुदाम देशमुख निवडून आले. १९७७ मध्ये महाराष्ट्रातून माकपचे तिघे : अहिल्या रांगणेकर, गंगाधरअप्पा बुरांडे आणि डहाणूचे लहानू कोम.

मग आपल्या जंगलपट्ट्यानं संसदेची दप्तरं का चाळायची? वनहक्क कायद्यासाठी! डिसेंबर २००६ मध्ये तो मंजूर झाला, तेव्हा डावे सरकारला बाहेरून पाठिंबा देत होते. याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. संसदेच्या संकेतस्थळांवर दोन्ही सभागृहांतल्या चर्चा फुकट वाचता येतात. राज्यसभेतलं माकपच्या वृंदा करातांचं या कायद्यावरचं भाषण आधी काढा. शोध थोडा किचकट आहे, तारीख टाकून शोधलेलं बरं.