ऊसनोंद आणि माणूसनोंद



लागण झाली की आपण पहिलं काम कोणतं करतो? गट ऑफिसला जाऊन उसाची नोंद करतो. गट नंबर, क्षेत्र, को ८६०३२ की दुसरा वाण, आडसाली की सुरू, लागणीची तारीख, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय आपण तिथून हलत नाही. नोंद नाही तर तोडीची पाळी नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. या नोंदीवरूनच शेतकी विभाग अंदाज बांधतो की, यंदा ऊस किती, कोणत्या महिन्यात किती तुटेल आणि टोळ्या किती लागतील.

हीच रीत माणसांना लावली की जे शास्त्र तयार होते, त्याला लोकसंख्याशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, हिशेब मात्र आपल्या ओळखीचा आहे. "माणसं मोजून काय पीक येणार?" असे कुणी विचारील. त्याचेच उत्तर येथे थोडक्यात मांडत आहोत.

तीन वाटा

कोणत्याही गावाची लोकसंख्या तीनच वाटांनी बदलते. जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. विहिरीच्या पाण्यासारखे हे आहे. झरा किती, उपसा किती, आणि शेजारच्या पाटातून पाझर येतो की आपलेच पाणी दुसरीकडे जाते, हे कळल्याशिवाय नुसती पातळी पाहून काही समजत नाही.

आपल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,१२,९८० होती. २०११ साली ती १९,५९,०४६ झाली. दहा वर्षांत जवळजवळ साडेतीन लाखांची भर पडली. पण ही भर जन्मातून किती आणि बाहेरून येणाऱ्यांमुळे किती, हे बेरजेत दिसत नाही. शिवाय मोजताना हद्द तीच धरावी लागते. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी अंबड तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. हद्द बदलली तर आकडा फुगतो किंवा आटतो, माणूस मात्र आपल्या घरीच असतो.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी जन्म पुष्कळ होते, तसे मृत्यूही पुष्कळ. १९१८ साली मानमोडीची साथ आली आणि घरेच्या घरे आजारी पडली. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी किंचित घटली. पुढे साथी आटोक्यात आल्या, मृत्यू कमी झाले, जन्म मात्र तेवढेच राहिले. म्हणून संख्या भराभर वाढली. १९५१ साली देशात ३६ कोटी लोक होते, २०११ साली १२१ कोटी.

लागण कमी, तरी ऊस उभा

आता जन्मही कमी झाले आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील एका स्त्रीमागे सरासरी १.७ मुले आढळली. आई-बापाची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला साधारण २.१ लागतात. मग लोकसंख्या अजून का वाढते? याचेही उत्तर शिवारात आहे. नवी लागण कमी केली म्हणून कारखान्याचे गाळप त्याच हंगामात थांबत नाही. आधीचा ऊस आणि खोडवा उभा असतो. तसेच आधीच्या वर्षांत जन्मलेली पिढी आता लेकुरवाळी होते आहे. दर घरी मुले कमी, पण घरे जास्त. म्हणून नुसता आकडा न पाहता त्यात कोणत्या वयाची माणसे किती, हे पाहावे लागते. आज अंगणवाडीत किती लेकरे आहेत, यावर पुढे शाळेच्या खोल्या किती लागतील ते ठरते.

मुलींचा आकडा

१६६२ साली लंडनमध्ये जॉन ग्राँट नावाच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने मृत्यूच्या आणि बाप्तिस्म्याच्या याद्या समोर ठेवून हिशेब मांडला. मुलींपेक्षा मुलगे थोडे जास्त जन्मतात, हे त्याच्या ध्यानात आले. निसर्गाचे प्रमाण साधारण १०५ मुलग्यांमागे १०० मुली असे आहे. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली.

आता शहागडचा पूल ओलांडून गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यात जा. शून्य ते सहा वयोगटात २००१ साली हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ साली ८०७ उरल्या. त्याच वर्षी सगळ्या राज्याचा आकडाही ८९४ वर आला होता. हे निसर्गाचे काम नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला, १९९४ साली देशाचा कायदा झाला, तरी चोरून हे चालूच राहिले. त्या वेळची लेकरे आता लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत. "पोराला पोरगी मिळंना" असे आपण पारावर म्हणतो, त्याचे कारण त्या जुन्या आकड्यात लिहिलेले आहे.

एक कोयता म्हणजे किती माणसं?

आता तिसरी वाट, स्थलांतराची. ती तर आपल्या फडातूनच जाते. २४ फेब्रुवारी १९७६ रोजी जायकवाडी प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. डाव्या कालव्याने पाणी आले, पाण्यामागे ऊस आला आणि उसामागे टोळ्या आल्या. दिवाळीच्या सुमाराला वडीगोद्रीच्या फाट्यावर उभे राहिले की धुळे-सोलापूर रस्त्याने भरलेली वाहने जाताना दिसतात. भांडीकुंडी, शेळी, म्हातारी, कडेवरची लेकरे. काही आपल्याकडे येतात, तर आपल्याच जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावांतली काही माणसे दुसऱ्या कारखान्यांना जातात.

करारात लिहिले जाते ते कोयते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. कोपीत झोळीत निजलेले लेकरू कोणत्याच कोयत्यात बसत नाही. जोडीनेच कोयता पुरा होतो, म्हणून पोरी लवकर उजवण्याची घाईही होते. उचलीचा हिशेब कोयत्यावर चालतो, पण शाळा, लस आणि पोषण आहार माणसांच्या हिशेबावर चालतात.

जनगणनेचा प्रश्न येथेच येतो. आपल्या देशात माणूस गणनेच्या काळात जिथे असेल तिथे मोजण्याची रीत आहे. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली, म्हणजे ऐन गाळपात. त्या पूर्ण काळात जो गावी नव्हता, त्याला गावच्या घरात धरायचे नव्हते. जिथे मुक्काम तिथे मोजायचे होते. म्हणजे तोडकऱ्याचे गाव कागदावर लहान होते, आणि फडातल्या कोपीपर्यंत गणक पोचला नाही तर तो माणूस दोन्हीकडून सुटतो.

सुटला तर काय बिघडते? सपाट भागात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पाच हजारांमागे एक उपकेंद्र असा ठोकताळा आहे. प्रभागातील राखीव जागा लोकसंख्येवर ठरतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किती लोकांना धान्य द्यायचे, ते २०११ च्या गणनेवरून ठरले. १८८१ पासून दर दहा वर्षांनी न चुकता होणारी गणना २०२१ साली पहिल्यांदाच हुकली, त्यामुळे जुन्याच आकड्यावर नव्या लेकरांची वाटणी होत राहिली.

आपले काम

१६ जून २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरली. पुन्हा गाळपाचाच हंगाम! तेव्हा सभासदांना आमची तीन गोष्टींची विनंती आहे.

एक, घरात जन्म वा मृत्यू झाला की २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत नोंद करा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळेच्या प्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्मदाखलाच लागणार आहे. दोन, गणक दारात आला की वय अदमासाने सांगू नका. घरातल्या म्हातारीचे आणि तान्ह्या मुलीचे नाव विसरू नका. तीन, आणि हे सगळ्यांत महत्त्वाचे: आपल्या शेतात टोळी उतरली असेल तर गणकाला बांधावरून परत लावू नका. त्याला कोपीपर्यंत घेऊन जा आणि माणसे मोजून घ्या. झोळीतले लेकरूसुद्धा.

आपल्या उसाची नोंद राहिली तर आपण गट ऑफिसात आवाज चढवतो. आपला ऊस तोडणाऱ्याची नोंद राहिली तर त्याच्या वतीने बोलायला तिथे कोणी नसते. ते काम आपण करायचे आहे.