रिपोर्टवरचा सहा म्हणजे सहावी स्टेज नव्हे

बायोप्सीत स्तनाचा कॅन्सर सिद्ध झाल्यावर मॅमोग्राफी, सोनोग्राफी, एमआरआय अशा तपासण्यांची रांग लागते आणि रिपोर्टच्या तळाशी बहुधा एक ओळ येते : ‘बाय-रॅड्स ६’. तिचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडतो आणि तासाभरात मावशीचा फोन येतो. “चौथी स्टेज शेवटची म्हणतात ना गं, मग ही सहावी कुठून आली?”

सहावी स्टेज नसतेच. बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने ठरवून दिलेली वर्गवारी आहे. चित्रात दिसलेल्या गोष्टीबद्दल रेडिऑलॉजिस्टला कॅन्सरचा संशय किती आहे, एवढंच ती सांगते. १ म्हणजे काही सापडलं नाही. २ म्हणजे सापडलं ते निरुपद्रवी. ३ मध्ये कॅन्सरची शक्यता दोन टक्क्यांच्या आत असते. ४ म्हणजे संशयास्पद, आणि हा पल्ला फार मोठा आहे, २ पासून ९५ टक्क्यांपर्यंत. म्हणून त्याचे ए, बी, सी असे तुकडे पाडतात. ५ म्हणजे संशय ९५ टक्के किंवा त्याहून जास्त. ६ चा अर्थ इतकाच की बायोप्सीने निदान आधीच झालेलं आहे, संशयाचा प्रश्न संपला. आठ मिलिमीटरची गाठ असो की आठ सेंटिमीटरची, निदान झालं असेल तर दोन्हींना ६ च मिळतो. बायोप्सीआधी त्याच गाठीला ‘४ सी’ दिलेला असतो आणि नंतर ६, म्हणून मधल्या पंधरवड्यात आजार दोन पायऱ्या चढला असं वाटतं. गाठ होती तिथेच असते.

या आकड्यांतला खरा धोकादायक गैरसमज मला शून्याचा वाटतो. शून्य म्हणजे ‘काही नाही’ असं समजून रिपोर्ट कपाटात जातो. वास्तविक शून्याचा अर्थ तपासणी अपुरी आहे, आणखी फिल्म किंवा सोनोग्राफी करा, असा आहे. दुसऱ्या स्तनाच्या रिपोर्टवर शून्य असेल तर त्याचा पाठपुरावा ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी व्हायला हवा.

मग स्टेज कशावरून ठरते? गाठीचा आकार, काखेतल्या लसिका ग्रंथी आणि आजार शरीरात इतरत्र गेला आहे का, या तीन गोष्टींवरून. स्टेज ठरवण्याच्या नियमावलीच्या, २०१८ पासून लागू झालेल्या आठव्या आवृत्तीत गाठीची ग्रेड आणि ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राहक) आणि हर-टू (पेशीवरचं प्रथिन) हे घटकही त्यात धरले जातात. हे घटक कुठल्याही स्कॅनवर दिसत नाहीत, ते बायोप्सीच्या तुकड्यावरून कळतात. त्यामुळे नुसता एमआरआय दाखवून “कितवी स्टेज?” असं विचारलं तर डॉक्टर उत्तर टाळतात. ते काही लपवत नसतात, निम्मी माहिती अजून लॅबमध्ये असते.

“दर तपासणीला गाठ वाढतेय”

मॅमोग्राममध्ये १८ मिलिमीटर, सोनोग्राफीत १६, आठवड्याने एमआरआयमध्ये २३. घरातल्यांचा धीर सुटायला एवढं पुरतं. पण मोजण्याच्या रीतीच वेगळ्या आहेत. मॅमोग्राममध्ये स्तन दाबून सपाट केलेला असतो, सोनोग्राफीत डॉक्टर हातातला प्रोब ज्या कोनात धरतील त्या छेदाचं माप मिळतं, एमआरआयमध्ये गाठीच्या कडेचा उजळलेला भागही मोजला जाऊ शकतो. शिवाय गोलाकार गाठीचं आकारमान दुप्पट झालं तरी व्यास साधारण सव्वापटच होतो आणि बहुतेक गाठींना तेवढं वाढायला काही महिने लागतात. आठवड्याभरात पाच मिलिमीटर वाढल्यासारखे दिसले तर तो बहुधा मोजणीतला फरक असतो. थेट ऑपरेशन होणार असेल, तर शेवटी ग्राह्य धरलं जातं ते काढलेल्या गाठीचं पॅथॉलॉजीत घेतलेलं माप.

आणखी एक जागा चकवते. ‘दोन वाजता, निपलपासून ४ सेंटिमीटर’ असं लिहिलेलं असतं आणि तो चार गाठीचा आकार समजला जातो. तो पत्ता आहे : घड्याळाच्या तबकडीवर दोनच्या दिशेला, स्तनाग्रापासून चार सेंटिमीटरवर. आकार शेजारी मिलिमीटरमध्ये दिलेला असतो.

“एमआरआयमध्ये आणखी ठिपके दिसले, म्हणजे पसरला”

एमआरआय फार संवेदनशील तपासणी आहे आणि तोच तिचा त्रासही आहे. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर जिथे रक्तपुरवठा जास्त, तो भाग उजळतो. कॅन्सरच्या गाठी उजळतातच, पण साधा फायब्रोअ‍ॅडिनोमाही उजळतो आणि पाळीच्या आसपासच्या दिवसांत निरोगी स्तनही. म्हणून नवा ठिपका दिसला आणि त्यामुळे ऑपरेशनचा बेत बदलायचा असेल, तर आधी त्या ठिपक्याची बायोप्सी करून घ्यावी. निव्वळ चित्रावरून अख्खा स्तन काढण्याचा निर्णय घेऊ नये, याबद्दल मी आग्रही आहे.

मुळात प्रत्येकीला एमआरआय लागतोच असंही नाही. ब्रिटनमध्ये १,६२३ स्त्रियांवर झालेल्या ‘कॉमिस’ चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाचा शस्त्रक्रियेआधी एमआरआय केला होता, दुसऱ्याचा नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत १९ टक्केच निघालं. स्तन दाट असेल, कॅन्सर लोब्युलर प्रकारचा असेल किंवा बीआरसीए जनुकात दोष असेल, तर एमआरआयचा उपयोग जास्त. (‘दाट’ म्हणजे ग्रंथी आणि तंतू जास्त, चरबी कमी. तो आजार नव्हे, पण मॅमोग्रामवर गाठ त्यात लपते. तरुण वयात हे जास्त आढळतं.)

अख्खा स्तन काढला की जीव जास्त सुरक्षित, हाही समज या ठिपक्यांबरोबर येतो. मिलान आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. फक्त गाठ काढून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही.

“पेट स्कॅन केलाच नाही, म्हणजे तपासणी अर्धवट”

नातेवाइकांचा हा हट्ट सर्वांत मोठा, आणि खर्चिकही. सुरुवातीच्या स्टेजमध्ये हाडदुखी, धाप, बिघडलेल्या रक्त तपासण्या असं काही नसेल, तर दूरवर पसरलेला आजार सापडण्याची शक्यता फार कमी असते. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अ‍ॅस्को’ या संघटनेने २०१२ मध्येच अशा रुग्णांत पेट, सीटी आणि बोन स्कॅन सरसकट करू नका असं सांगितलं. पेटमध्ये दिलेली किरणोत्सारी साखर जिथे जास्त शोषली जाते तो भाग उजळतो, मग तो कॅन्सर असो, जंतुसंसर्ग असो की टीबी. आपल्याकडे टीबीमुळे छातीतल्या ग्रंथी उजळणं नवलाचं नाही. मग त्या ग्रंथीची बायोप्सी, तिच्या रिपोर्टची वाट पाहणं आणि मूळ ऑपरेशन लांबणीवर. उलट काही मिलिमीटरचा आजार पेटमध्ये दिसतही नाही.

काखेचंही तसंच. सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसली तरी ग्रंथीत सूक्ष्म पेशी असू शकतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी सेंटिनल ग्रंथी (गाठीकडचा लसिकाद्रव जिथे आधी पोचतो ती) काढून तपासतात. आणि ग्रंथी सुजलेली दिसली म्हणून ती कॅन्सरचीच असं नाही. त्याच हाताला नुकतीच लस घेतली असेल तरी ती सुजते, हे डॉक्टरांना सांगावं.

मॅमोग्रामच्या दाबाने किंवा बायोप्सीच्या सुईने कॅन्सर भडकतो, हे खरं नाही. दोन्ही स्तनांच्या मॅमोग्राममधलं रेडिएशन साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट, निसर्गातून दोनेक महिन्यांत मिळतं तेवढंच. रिपोर्टमध्ये ‘क्लिप’ लिहिलेलं दिसलं तर ती आत राहिलेली सुई नव्हे. बायोप्सीची जागा नंतर सापडावी म्हणून मुद्दाम सोडलेली ती धातूची बारीक खूण असते आणि एमआरआयला तिची अडचण येत नाही.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता कागद नेऊ नये. फिल्म, सीडी आणि बायोप्सीच्या काचा व ब्लॉक न्यावेत. मोठ्या केंद्रातला रेडिऑलॉजिस्ट मूळ चित्रं पुन्हा वाचतो, दुसऱ्याने लिहिलेला निष्कर्ष नव्हे. ही चित्रं उपचार संपल्यावरही लागतात. ऑपरेशन आणि रेडिएशननंतरच्या मॅमोग्राममध्ये व्रण, साचलेला द्रव, मेलेल्या चरबीचे कडक ठिपके दिसतात आणि ते नव्या गाठीसारखे भासू शकतात. आधीच्या वर्षांची फिल्म शेजारी लावून पाहिली, तर त्यातल्या कित्येक शंका बायोप्सीविना मिटतात.