वीजमागणी व्यवस्थापन

वीजमागणी व्यवस्थापन म्हणजे विजेचा पुरवठा वाढवण्याऐवजी तिच्या वापराची वेळ व प्रमाण बदलून मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालण्याची पद्धत होय. दरातील फरक किंवा मोबदला पाहून ग्राहकाने आपला वापर काही काळ कमी करणे, अथवा तो पुढे-मागे सरकवणे, याला 'मागणी प्रतिसाद' असे म्हणतात. तो या व्यवस्थापनाचाच एक भाग आहे. महाराष्ट्रात या पद्धतीची दोन रूपे प्रामुख्याने आढळतात. एक, दिवसाच्या वेळेनुसार बदलणारा वीजदर, जो उद्योगजगतात 'टीओडी' या नावाने ओळखला जातो; आणि दुसरे, शेतीपंपांच्या वाहिन्यांचे वेळापत्रक. जालना जिल्ह्यात ही दोन्ही रूपे शेजारी-शेजारी पाहावयास मिळतात. औद्योगिक वसाहतीतील पोलादाची भट्टी दर पाहून चालते, तर जवळच्या गावातील मोसंबीच्या बागेचा पंप वेळापत्रक पाहून चालतो.

संकल्पना

धान्य कोठारात साठवता येते, पाणी धरणात अडवता येते; वीज मात्र मोठ्या प्रमाणावर आणि स्वस्तात साठवणे आजही कठीण आहे. ज्या क्षणी ती वापरली जाते, जवळपास त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. हा तोल साधला आहे की नाही हे विजेच्या वारंवारतेवरून कळते. भारतात ती ५० हर्ट्झ असावी असा दंडक असून ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ ही तिची विहित मर्यादा आहे. मागणी वाढली आणि निर्मिती तेवढी वाढली नाही की वारंवारता घसरते. उलट झाले की ती चढते. राज्यातील हा तोल सांभाळण्याचे काम नवी मुंबईतील ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्र करते.

५ एप्रिल २०२० रोजी रात्री ९ वाजता देशभरातील घरांमध्ये नऊ मिनिटे दिवे मालवण्यात आले, तेव्हा या तोलाची मोठी परीक्षा झाली. त्या वेळी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने उतरली. हा उतार अपेक्षेच्या दुपटीहून अधिक होता. जलविद्युत केंद्रांची निर्मिती झपाट्याने कमी करून आणि पुन्हा वाढवून ती वेळ निभावली गेली. कोळशावरील संच इतक्या चपळाईने वर-खाली करता येत नाहीत. याच कारणाने महाराष्ट्रात कोयनेचे १,९६० मेगावॉट क्षमतेचे जलविद्युत केंद्र मुख्यत्वे कमाल मागणीच्या तासांसाठी राखले जाते. परंतु कोयनेचे पश्चिमेकडे वळवावयाचे पाणी कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट एवढे मर्यादित केले आहे. पाणी मोजके असल्याने कमाल मागणीचा डोंगर मुळातच थोडा खाली आणता आला तर बरे, या विचारातून मागणी व्यवस्थापनाची गरज पुढे येते.

भारनियमन आणि मागणी प्रतिसाद या दोहोंत गल्लत होऊ नये. दोहोंचा परिणाम मागणी घटण्यातच होतो. तथापि भारनियमनात वीज तोडली जाते, ग्राहकाला विचारले जात नाही. मागणी प्रतिसादात ग्राहक स्वतः थांबतो आणि त्याबद्दल त्याला काही मिळते.

भारनियमनाचा काळ

६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्या सुमारास राज्यातील विजेचा तुटवडा तीव्र होता आणि ग्रामीण भागात दिवसातील कित्येक तास वीज नसे. पुढे वाहिन्यांची गळती व वसुली पाहून त्यांचे 'अ' ते 'ग' असे गट पाडण्यात आले. ज्या गटात गळती जास्त, तेथे भारनियमनही जास्त. हिशेबाच्या दृष्टीने हे सयुक्तिक होते. मात्र नियमित देयक भरणाऱ्यालाही वाहिनीवरील इतरांची थकबाकी अंधारात बसून सोसावी लागे. मराठवाड्यात हा अनुभव विशेष कडवट होता. दहावीच्या परीक्षेला बसलेल्या त्या काळच्या मुलांना अभ्यासाचे तास गावच्या वीजवेळापत्रकावरून ठरवावे लागत, हे तेव्हा शिकवणाऱ्या कोणाही शिक्षकास आठवत असेल.

याच काळात महावितरणाने अक्षय प्रकाश योजना राबवली. गावाने एकत्र येऊन सायंकाळच्या कमाल मागणीच्या तासांत मोटारी व जास्त वीज खाणारी उपकरणे न चालवण्याचे आणि आकडे न टाकण्याचे मान्य करावयाचे, त्या बदल्यात गावाला दिव्या-पंख्यापुरती वीज अखंड मिळावयाची, असे तिचे स्वरूप होते. मागणी प्रतिसाद हा शब्दही तेव्हा कोणाच्या कानावर आला नव्हता. पण वस्तुतः ती सामूहिक मागणी प्रतिसादाचीच योजना होती. तिचे यश गावातील एकोप्यावर अवलंबून राही. एखाद्याने गुपचूप मोटार सुरू केली तरी साऱ्या गावाचा करार मोडे. म्हणून पुढे एकोप्याऐवजी तारांची व्यवस्था बदलण्यावर भर देण्यात आला. गावठाणाची वाहिनी शेतीच्या वाहिनीपासून वेगळी करण्यात आली, तर काही ठिकाणी ठरावीक तासांत केवळ एकाच फेजवर पुरवठा ठेवण्यात आला. त्यावरही शेतकऱ्यांनी तोड काढली. कंडेन्सर जोडून एका फेजवर थ्री-फेज मोटार ओढण्याची युक्ती गावोगाव पसरली, आणि तिच्यापायी मोटारी व रोहित्रे जळालीही.

जालन्यातील पोलादाच्या भट्ट्या

जालना शहर लोखंडी सळईच्या उत्पादनासाठी देशभर ओळखले जाते. येथील कारखान्यांत भंगार व स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट आणि बिलेटपासून सळया तयार होतात. इंडक्शन भट्टीत कोळसा जळत नाही. वीज हेच तिचे इंधन असते. एक टन धातू वितळवण्यास ढोबळमानाने ६०० युनिट वीज लागते. साहजिकच विजेचा दर हा या उद्योगाच्या नफ्या-तोट्याचा मोठा निर्णायक ठरतो.

२०२५ पूर्वी अनेक वर्षे लागू असलेल्या वेळापत्रकात उच्चदाब औद्योगिक ग्राहकास रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रतियुनिट १.५० रुपये सूट मिळे. सकाळी ९ ते दुपारी १२ या वेळेत ०.८० रुपये, तर सायंकाळी ६ ते रात्री १० या वेळेत १.१० रुपये अधिभार लागे. म्हणजे सायंकाळच्या आणि रात्रीच्या युनिटमध्ये २.६० रुपयांचा फरक होता. टनाला ६०० युनिट धरल्यास तोच धातू सायंकाळऐवजी रात्री वितळवण्यात १,५६० रुपयांची बचत होई. शिवाय देयकासाठी कमाल मागणी धरताना केवळ सकाळी ६ ते रात्री १० या वेळेतील नोंद विचारात घेतली जाई, त्यामुळे रात्री भट्टी पूर्ण भाराने चालवण्यास आणखी एक कारण मिळे. रात्रपाळी हीच मुख्य पाळी व्हावी, असेच हे गणित होते.

याला छेद देणारी दुसरीही एक तरतूद होती. मंजूर भाराच्या मानाने महिनाभर सातत्याने वीज वापरणाऱ्या, म्हणजे ज्याचा भार घटक ७५ टक्क्यांहून अधिक आहे अशा ग्राहकाला कमाल १५ टक्क्यांपर्यंत सवलत दिली जाई. एक तरतूद सांगते की ठरावीक वेळी थांबा, दुसरी सांगते की थांबूच नका. मात्र रोज फक्त सायंकाळचे चार तास भट्टी बंद ठेवली तर २४ पैकी २० तास, म्हणजे कागदावर ८३ टक्के भार घटक राहतो आणि दोन्ही सवलती पदरात पडतात.

भट्टी थांबवण्यालाही काही मर्यादा आहेत. वितळण्याची एक फेरी, जिला कारखान्यात 'हीट' म्हणतात, सुरू झाली की ती मध्येच सोडता येत नाही. धातू भट्टीतच गोठू लागतो व आतील अस्तराची हानी होते. म्हणून विश्रांती दोन हीटच्या मध्येच घेता येते. जेथे गरम बिलेट थेट रोलिंग मिलमध्ये नेले जाते, तेथे भट्टीबरोबर मिलही थांबते आणि मिलबरोबर माणसेही. पूर्वसूचना चार तासांची आहे की पंधरा मिनिटांची, यावर भट्टीवाला होकार देणार की नकार, हे ठरते.

शेतीपंप

राज्यात महावितरणचे शेतीपंप ग्राहक चाळीस लाखांहून अधिक आहेत आणि राज्य शासनाच्या हिशेबाने विजेच्या वापरात त्यांचा वाटा सुमारे ३० टक्के आहे. इतका मोठा भार हवा त्या तासाला सरकवता येणे ही वितरण कंपनीच्या दृष्टीने मोलाची सोय होय. परंतु येथे दराचा उपयोग होत नाही. अनेक पंपांना मीटर नाहीत, त्यांचे देयक अश्वशक्तीवर ठरते. त्यात एप्रिल २०२४ पासून मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज निःशुल्क झाली. ज्या विजेला किंमत नाही तिला स्वस्त किंवा महाग वेळही असू शकत नाही. म्हणून शेतीचा भार उपकेंद्रातून, वाहिनीचे बटण दाबून सरकवला जातो. थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळ्या ठरवून दिल्या जातात.

रात्रीच्या पाळीचा भार तांत्रिक हिशेबात दिसत नाही. कापसाला किंवा मोसंबीला पाणी देण्यासाठी मध्यरात्री विजेरी घेऊन बांधावर जावे लागते. साप, विंचू आणि ओल्या जमिनीवरील उघड्या तारा यांचे भय असते. कोठे कोठे बिबट्याचेही असते. भट्टीवाल्याला रात्री काम करण्याबद्दल युनिटमागे दीड रुपया मिळत होता; शेतकऱ्याला त्याच रात्रीबद्दल काही मिळत नव्हते. सवलतीच्या दरातच त्याचा मोबदला आला, असा युक्तिवाद केला जातो. पण दर दिवसा आणि रात्री सारखाच असल्याने तो रात्रीचा मोबदला ठरत नाही.

रात्रीचे जागरण टाळण्यासाठी बरेच शेतकरी पंपाला ऑटोस्विच लावतात. वीज येताच मोटार आपोआप सुरू होते. परंतु वाहिनीवरील शेकडो मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या की रोहित्रावर अचानक ताण येतो आणि प्रसंगी ते जळते. ऑटोस्विच काढावेत व पंपांना कपॅसिटर बसवावेत, असे आवाहन महावितरण वारंवार करते. सर्वांनी मोटारी पाच-दहा मिनिटांच्या अंतराने सुरू करणे हाही मागणी व्यवस्थापनाचाच प्रकार आहे. अडचण एवढीच की पहिला मान कोणी घ्यावयाचा, हे ठरवणारे कोणी नसते.

इमारती

कार्यालये, रुग्णालये, विक्री संकुले व गृहसंकुले यांत सरकवता येण्याजोगा भार मुख्यतः तीन ठिकाणी असतो: वातानुकूलन, पाण्याचे पंप आणि गिझर. वरची टाकी सायंकाळी सातऐवजी दुपारी भरली तर कोणाचीच गैरसोय होत नाही. वातानुकूलित इमारत कमाल मागणीच्या आधी थोडी अधिक थंड करून ठेवली की पुढील तासभर यंत्रणा मंद चालवता येते. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या मते वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रांचे मूळ तापमान २४ अंशांवर ठेवून देण्याचे बंधनही याच हेतूने आले. मुंबईत टाटा पॉवरने २०१२ च्या सुमारास मोठ्या ग्राहकांसाठी मोबदल्यावर आधारित मागणी प्रतिसाद कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने अशा कार्यक्रमांसाठीचे विनियम २०१० मध्येच केले होते.

सौर तास

सौर ऊर्जेची निर्मिती वाढली तसा या सगळ्या गणिताचा पायाच बदलला. पूर्वी कोळशाचे संच रात्री बंद करता येत नसत, म्हणून रात्रीची वीज शिल्लक राही आणि ती स्वस्त असे. आता दुपारी सौर वीज मुबलक असते आणि सूर्य मावळताच, नेमकी घराघरांतील मागणी वाढत असताना, ती नाहीशी होते. केंद्र शासनाने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतील दर सामान्य दरापेक्षा किमान २० टक्के कमी असावा, असे ठरवले. कमाल मागणीच्या तासांत तो व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी सामान्य दराच्या किमान १.२० पट असावा, असेही त्यात आहे. १० किलोवॉटवरील अशा ग्राहकांना ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून, तर शेती वगळता अन्य ग्राहकांना १ एप्रिल २०२५ पासून लागू करावयाची होती. तास मोजणारा स्मार्ट मीटर ही तिची पूर्वअट आहे, कारण जुना मीटर केवळ महिन्याची बेरीज सांगतो.

राज्य आयोगाच्या २०२५ च्या दरनिश्चितीत त्यानुसार वेळापत्रक उलटे झाले. रात्रीची मोठी सूट गेली, सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत सवलत आली आणि सायंकाळी ५ नंतर अधिभार लागू झाला. या दरनिश्चितीवर बरेच आक्षेप घेतले गेले आणि तिचे पुनर्विलोकनही झाले. जालन्याच्या भट्ट्यांच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ सरळ आहे. वर्षानुवर्षे रात्रीभोवती बसवलेल्या पाळ्या दिवसाकडे आणावयाच्या. कामगाराची झोप त्यामुळे रात्रीकडे परत येईल. पण मे महिन्यातील दुपारी, बाहेरच पारा चाळिशीच्या पुढे असताना, वितळत्या लोखंडापाशी उभे राहणे त्याच्या वाट्याला येईल.

शेतीसाठी हाच बदल अधिक सुखावह आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिन्यांना दिवसा वीज द्यावयाची, ही तिची कल्पना. दुसऱ्या टप्प्यातील पहिला प्रकल्प, ३ मेगावॉट क्षमतेचा, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे २०२४ मध्ये कार्यान्वित झाला. ढगाळ दिवशी पाणी कसे द्यावयाचे, हा प्रश्न राहतो. तेथे शेततळे उपयोगी पडते. जालना तालुक्यातील कडवंची गाव पाणलोट विकास, शेततळी आणि द्राक्षबागा यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात विहिरीतून तळ्यात पाणी उपसण्याचे जड काम उन्हाच्या तासांत उरकता येते, आणि तळ्यातून ठिबकला पाणी सोडण्याचे हलके काम पिकाच्या सोयीने करता येते.