ईदचा खर्च गल्ल्यातून नको

रमजान ईदच्या आठवड्यात आपल्या छोट्या दुकानदाराच्या गल्ल्यात जी रोकड दिसते, ती सगळी त्याची कमाई नसते. माल उधारीवर आणलेला असतो, बिल ईदनंतर चुकते करायचे असते. घरचे कपडे, शिरखुर्म्याचे सामान, पाहुणचार, मुलांची ईदी हे सर्व मात्र त्याच रोकडीतून होते. नंतर घाऊक व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला येतो तेव्हा गल्ला रिकामा असतो आणि पुढचा माल चढ्या भावाने उधार उचलावा लागतो. असे भांडवल खाल्लेली दुकाने प्रत्येक मोहल्ल्यात आहेत.

ईद काही अचानक येत नाही. अडचण हिशेबाच्या वर्षात आहे. दुकानाचे भाडे, लाइट बिल, शाळेची फी इंग्रजी महिन्याने चालते. सण चांद्र वर्षाने येतात. चांद्र वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे. त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ साली ती २२ एप्रिलला झाली, २०२४ साली ११ एप्रिलला, २०२५ साली ३१ मार्चला. २०३० साली तर जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरअखेर असा दोनदा रमजान सुरू होण्याचा हिशेब आहे.

यंत्रमाग कामगार किंवा रंगारी, ज्यांना पैसा आठवड्याला मिळतो, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. समजा ईदचा खर्च २४ हजार रुपये आहे. ५२ आठवडे धरून कोणी ४६२ रुपये बाजूला काढले, तर ईद पन्नास आठवड्यांतच दारात येते आणि नऊशे रुपये कमी पडतात. म्हणून पन्नासाने भागावे व आठवड्याला ४८० ठेवावेत. महिन्याने ठेवणाऱ्याने चंद्र दिसला की दोन हजार असा नेम करावा. पैसे दुकानाच्या खात्याहून वेगळ्या खात्यात असावेत. घरातल्या डब्यातले पैसे टिकत नाहीत, हे गृहिणींना आम्ही सांगायला नको. जकात आणि फितरा यात धरू नयेत. जकातीत विक्रीचा माल मोजावा लागतो, तो हिशेब निराळा.

भिशी हा आपल्याकडचा जुना मार्ग, पण लिलावाच्या भिशीपासून दूर राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. बारा जणांची, दोन हजारांची भिशी २४ हजारांची होते. ईदच्या तोंडावर अडलेला माणूस ती २१ हजारांत उचलतो, उरलेले तीन हजार बाकीचे वाटून घेतात. नाव भिशीचे, पण नफा दुसऱ्याच्या नडीचा. त्यापेक्षा नंबर आधीच ठरवून लिहून ठेवावेत. यासाठी सभासद वेगवेगळ्या गरजांचे हवेत. सगळ्यांनाच ईदच्या आधीचा महिना हवा असेल तर भांडणच होणार. शेजारचा हिंदू दुकानदार दिवाळीचा नंबर आनंदाने घेईल, कोणाला जूनमध्ये शाळेसाठी हवा असेल.

सध्या खरी ओढाताण बकरी ईदची आहे. २०२४ साली ती १७ जूनला आली, २०२५ साली ७ जूनला, आणि २०२६ सालची मेच्या अखेरीस. म्हणजे कोकणात घराची शाकारणी, वह्या-पुस्तके आणि कुर्बानी एकाच महिन्यात. पुढे पावसाळ्यात गवंडी आणि रंगाऱ्याचे काम मंद. यातला शाकारणीचा खर्च आपल्या हातात आहे. मृगाच्या आधी कौले फिरवणारा माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी वाढवून मागतो. फुटकी कौले, कुजलेले वासे दिवाळीनंतर लगेच पाहून ठेवावेत आणि लाकूडकाम तेव्हाच उरकावे.

बोकडाचेही तसेच. शेवटच्या आठवड्यात बाजारात गेल्यावर विकणाऱ्याचाच भाव चालतो. गावाकडे नातेवाईक असतील तर तीन-चार महिने आधी आठ-नऊ महिन्यांचा बोकड घेऊन त्यांच्याकडे ठेवावा, चाऱ्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. कुर्बानीपर्यंत त्याचे वर्ष पुरे झाले पाहिजे, म्हणून घेताना वय नीट विचारावे. आणि मधल्या काळात जनावर दगावले तर नुकसान कोणाचे, हे चुलत्याशी व्यवहार असला तरी पैसे देण्याआधीच बोलून घ्यावे.