पताका कोणास द्यावी?

वऱ्हाडात कापसाची वेचणी भरात आली आणि सकाळी ओट्यावर ऊन शोधून बसण्याचे दिवस आले, की नाट्यप्रेमी मंडळींस राज्य नाट्यस्पर्धेचे वेध लागतात. भातकुली अमरावतीस लागूनच असल्यामुळे तेथील केंद्रावर स्पर्धा असली म्हणजे आमच्याकडील मंडळी जमेल तितके प्रयोग पाहून येतात, आणि दुसऱ्या दिवशी किराण्याच्या दुकानापुढे, देवळाच्या पायरीवर, घरोघरी जेवणाच्या पानावर एकच चर्चा चालते. यंदा पहिले नाटक कोणते? दिग्दर्शनाचे पारितोषिक कोणाचे? अभिनयाचे रौप्यपदक कोण नेणार? निकाल लागेपर्यंत प्रत्येकजण ज्योतिषी असतो आणि निकाल लागल्यावर प्रत्येकजण न्यायाधीश होतो.

असल्या भाकितांत रमणे पोरकटपणाचे आहे, असे काही वडीलधाऱ्यांचे मत आहे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला भाकीत करावयाचे त्याला निदान नाटक पाहावे लागते, आणि एकच नव्हे तर चार पाहावी लागतात; चार पाहिली म्हणजे तुलना आली, आणि तुलना हीच रसिकतेची पहिली पायरी होय. आमचा आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीवर. भाकीत करणारा 'कोणास?' एवढेच विचारतो; 'कशाबद्दल?' आणि 'कोणाच्या तुलनेत?' हे विचारत नाही. हे दोन प्रश्न वगळले, तर पारितोषिक म्हणजे निव्वळ सोडत होय.

हा विचार आपल्याकडे नवा नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्राचा २७ वा अध्याय प्रयोगाची 'सिद्धी' कशी ओळखावी यालाच वाहिलेला आहे. त्यात नटांची स्पर्धा आहे, परीक्षक आहेत, गुणदोषांची नोंद ठेवणारे लेखक आणि गणक आहेत, आणि विजेत्यास द्यावयाची पताकाही आहे. परीक्षकांस मुनी 'प्राश्निक' म्हणतात. त्यांत यज्ञविधी जाणणारा आहे, नट आहे, छंदःशास्त्रज्ञ आणि वैयाकरण आहेत, अस्त्रविद्येतील जाणकार, चित्रकार, गवई व राजसेवक आहेत. आणि कोणताही संकोच न बाळगता मुनींनी गणिकेलाही त्याच ओळीत बसविले आहे. कारण उघड आहे. यज्ञाचा प्रसंग यथाविधी झाला की नाही हे याज्ञिकाने सांगावे, वेषभूषेविषयी चित्रकाराने बोलावे, शृंगारातील उपचार गणिकेने पारखावे. ज्ञेय विषय अफाट आणि आयुष्य तोकडे, म्हणून सारे गुण एका माणसाच्या ठायी मिळत नाहीत, हे मुनींनी स्वच्छ ओळखले होते. आज अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा अशी जी निरनिराळी पारितोषिके आपण देतो, त्यांचे बीज येथेच आहे.

त्याच अध्यायात आणखी एक मार्मिक भेद केला आहे. हशा, 'वाहवा', अंगावर उभे राहणारे रोमांच, नटाकडे फेकलेली वस्त्रे ही मानुषी सिद्धी. परंतु प्रेक्षागृह भरलेले आहे आणि तरी कोठे शब्द नाही, चुळबूळ नाही, ही दैवी सिद्धी. टाळ्या मोजून भाकीत करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी ठेवण्यासारखा आहे. पक्षपात आणि मत्सर यांनाही मुनींनी सोडलेले नाही. प्रतिस्पर्ध्याच्या लोकांनी शेण, ढेकळे, फार काय मुंग्यादेखील फेकून प्रयोगाचा घात करावा, हा प्रकार त्यांनी घातांच्या यादीत नोंदून ठेवला आहे! आणि दोघांचे गुण समसमान भरले, तर दोघांसही पताका द्यावी, अशी सोयही केली आहे.

शास्त्र असे सांगते. व्यवहार कसा चालतो ते कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त पाहावे. त्याची नायिका मालविका ही आमच्या विदर्भाचीच राजकन्या. गणदास आणि हरदत्त या दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण, असा तंटा उभा राहतो आणि परिव्राजिका कौशिकीला परीक्षक नेमण्यात येते. ती प्रारंभीच सांगते की पात्रांनी जड वेष न घालता यावे, म्हणजे अंगांचे सौष्ठव नीट दिसेल. नेपथ्याचे गुण अभिनयाच्या खात्यात जमा होऊ नयेत, ही दक्षता तिने घेतली. एवढी चोख परीक्षक असूनही स्पर्धा पुरी झालीच नाही. गणदासाची शिष्या मालविका नाचून गेली. इतक्यात मध्यान्ह झाल्याची ललकारी आली आणि हरदत्ताची पाळी तशीच राहिली. राजाला आचार्यांच्या तंट्याशी कर्तव्य नव्हते; त्याला मालविकेचे दर्शन हवे होते. आयोजकाचा हेतू दुसराच असला, तर उत्तम परीक्षकही काय करणार?

आता आपल्या मराठी रंगभूमीकडे येऊ. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमाना'चा जो प्रयोग झाला, त्यात बालगंधर्वांनी भामिनीची आणि केशवराव भोसल्यांनी धैर्यधराची भूमिका केली. त्या प्रयोगाला परीक्षक नव्हते, पदक नव्हते; तरी त्या रात्री सरस कोण ठरले, हा वाद पुढे कित्येक वर्षे रसिकांच्या बैठकींत रंगत राहिला. आम्ही विचारतो, आजच्या नियमांनी ही दोन नावे कोणत्या वर्गात घातली असती? दोघेही पुरुष, म्हणून एकाच पदकासाठी? की एक नायक आणि एक नायिका, म्हणून दोन निरनिराळ्या पदकांसाठी? अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या 'रणदुंदुभी'त १९२७ साली मास्टर दीनानाथ तेजस्विनी झाले, तेव्हाही हाच पेच पडला असता. पदक नटाच्या देहाला द्यावयाचे की त्याने उभ्या केलेल्या पात्राला? १९५५ साली संगीत नाटक अकादमीने बालगंधर्वांचा गौरव केला तो अभिनयासाठी. त्यात स्त्री-पुरुष हा प्रश्नच आला नाही.

हा पेच आता सातासमुद्रापलीकडेही पडला आहे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९४७ पासून 'टोनी' नावाची पारितोषिके दिली जातात. २०२३ साली जे. हॅरिसन घी आणि ॲलेक्स न्यूएल या, स्वतःस केवळ पुरुष वा केवळ स्त्री न मानणाऱ्या, दोन कलावंतांनी पुरुषांच्या वर्गात राहून पारितोषिके मिळविली. जस्टिन डेव्हिड सुलिव्हन यांनी मात्र कोणताच वर्ग न स्वीकारता आपले नाव विचारातून काढून घेतले. मग स्त्री-पुरुष हा भेद मोडावा काय? आमच्या मते इतक्यात मोडू नये. परंतु त्याचे कारण नीट समजून घ्यावे. स्त्रीचा अभिनय निराळ्या जातीचा असतो म्हणून हा भेद नाही. हौशी संस्थांत मुली थोड्या, नाटकांत त्यांना भूमिका थोड्या, आणि आहेत त्यांतही 'चहा घेऊन येणारी' पुष्कळ. म्हणून स्त्रियांचे पदक स्वतंत्र राखले, तरच ते त्यांच्यापर्यंत पोहोचते.

याहून बिकट प्रश्न प्रमुख आणि सहायक यांचा. टोनीचा सामान्य नियम असा की, ज्याचे नाव नाटकाच्या नावाच्या वर छापले तो प्रमुख नट, खाली छापले तो सहायक. समितीला वाटल्यास ती हा नियम बाजूला ठेवू शकते. म्हणजे अभिनयाची प्रतवारी प्रथम छापखान्यात व्हावयाची! आपल्याकडे १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. त्यातील खाँसाहेब रूढ अर्थाने नायक नव्हेत, किंबहुना प्रतिनायकच. पण आमच्या वऱ्हाडातील मूर्तिजापूर येथे जन्मलेल्या वसंतराव देशपांड्यांनी ते खाँसाहेब असे उभे केले की नाटकाचे नाव काढताच प्रथम तेच आठवतात. त्यांना सहायक म्हणण्याचे धाडस कोण करील?

नाटकांच्या वर्गवारीचीही तीच कथा. धनंजयाने 'दशरूपका'त रूपकाचे दहा प्रकार वर्णिले. आपल्या राज्य स्पर्धेत मराठी, हिंदी, संगीत, संस्कृत, बालनाट्य असे विभाग आहेत. पण चांगले नाटक पुष्कळदा कुंपणावरच उगवते. १९७२ सालचे 'घाशीराम कोतवाल' घ्या. आमच्या समाजातील पुष्कळांस ते आजही रुचत नाही. तो वाद येथे नको. परंतु रंगमंचावर ओळीने उभ्या राहिलेल्या ब्राह्मणांचा तो गाता, डोलता, उघडता-मिटता मानवी पडदा कोणत्या वर्गात घालणार? तो अभिनय आहे, संगीत आहे, नृत्य आहे आणि नेपथ्यही आहे. त्यांतील कोणा एकास पदक देता येत नाही आणि सर्वांस मिळून द्यावे तर यादीत तशी जागा नाही. न्यूयॉर्कलाही असेच झाले. २००० साली 'कॉन्टॅक्ट' या प्रयोगास उत्तम संगीतिकेचे पारितोषिक मिळाले. त्यात पात्रे गात नव्हती आणि संगीत ध्वनिमुद्रित होते. मोठा गहजब झाला. पुढील वर्षी 'विशेष नाट्यप्रयोग' असा नवा वर्ग काढण्यात आला आणि २००९ नंतर तो बंदही पडला.

यावरून आम्हांस एवढेच कळते की वर्ग कितीही वाढविले, तरी न्याय होईलच असे नाही. १९५४ साली सुरू झालेल्या आपल्या राज्य स्पर्धेने प्रमुख-सहायक हा भेद केलाच नाही; तेथे पुरुष व स्त्री यांना अभिनयाची रौप्यपदके आणि त्यांच्या खाली गुणवत्ता प्रमाणपत्रे. दोन तास रंगमंच व्यापणारा आणि दहा मिनिटांत येऊन जाणारा, दोघे एकाच यादीत. पहिल्यावर प्रकाशझोत असतो, लांब भाषणे असतात. दुसऱ्याजवळ असतात केवळ दोन वाक्ये आणि एक नजर. सहायकांचे पदक स्वतंत्र काढा, अशी सूचना वारंवार ऐकू येते. ती आम्हांस पटत नाही. तसे झाले म्हणजे प्रत्येक संस्था आपला नट ज्या वर्गात गर्दी कमी त्यात ढकलणार. आमची मागणी याहून साधी आहे: प्रत्येक पदकाबरोबर आणि प्रमाणपत्राबरोबर परीक्षकांनी दोन ओळी कारण लिहावे. निकालाच्या बातमीत नावे येतात, कारणे येत नाहीत. भरतमुनींच्या स्पर्धेत लेखक आणि गणक बसत होते. आमच्या निकालाचा हिशेब लोकांपुढे का येऊ नये?

हे आम्ही कशासाठी म्हणतो, ते या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. वऱ्हाडातील लहान गावी एखादी मुलगी शिक्षण वा नोकरी सांभाळून तालमीस जाते. रात्री उशिरा परतते, तेव्हा आई दार उघडते आणि वडील मुकाट्याने घड्याळाकडे पाहतात. तिच्या वाट्यास आलेली भूमिका दहा मिनिटांची. निकालात नाव आले नाही, तर 'पुरे झाले आता' हे शब्द घरात उच्चारले जातात, आणि पुढील वर्षी ती तालमीस दिसत नाही. तिच्या नावापुढे 'दुसऱ्या अंकातील मौन उत्तम राखले' एवढी एक ओळ असती, तर वडिलांना घड्याळाखेरीज आणखी काही दिसले असते.

परीक्षक कारणे लिहितील तेव्हा लिहोत. घरच्या भाकितकारांनी तरी आजपासून लिहावी. प्रयोगाहून परतल्यावर कुटुंबातील प्रत्येकाने एका कागदावर आपले मत टिपावे आणि निकालानंतरच कागद उघडावे. तुमच्या मते पहिले नाटक कोणते, हे लिहावेच; परंतु त्यापुढे 'कारण' आणि 'कोणाच्या तुलनेत' हे दोन रकाने अवश्य ठेवावे. सर्वांत लहान भूमिकेत कोण लक्षात राहिले, यासाठी एक ओळ राखावी. प्रेक्षागृह कोणत्या क्षणी निःशब्द झाले, तेही लिहावे. आणि 'कोणीही नाही' या उत्तरासही जागा असू द्यावी. १९६३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र ठरविली नाही. परीक्षकांशी आपले मत जुळले नाही, तर खट्टू होऊ नये. कारण लिहिलेले असेल, तर ते मत निकालानंतरही वाचण्यासारखे राहते. आणि त्यातील एखादी ओळ ज्या मुलीविषयी असेल, तिच्या घरी ती जाऊन सांगावी. तिचे आईवडील ऐकत असताना सांगता आली, तर फारच उत्तम.