घरासमोरचा घाट आणि बाबांची पाणसळ



ज्यांच्या घरासमोरचा रस्ता रुंद होणार आहे, किंवा जे तशा रस्त्यावर घर घ्यायच्या विचारात आहेत, त्यांनी हे जरूर वाचा. आम्ही न्यू जर्सीत २०२३ साली जे भोगलं, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हा खटाटोप.

आमच्या घरासमोरचा दोन लेनचा रस्ता काउंटीने रुंद केला. आमच्या बाजूला कडा १० फूट आत आली आणि तिला लागून ५ फुटांचा फूटपाथ झाला. जागा गेली त्याचं वाईट वाटलं नाही. ती पट्टी मुळात सरकारीच होती, आम्ही नुसतं तिथलं गवत कापत होतो! खरी पंचाईत ड्राइव्हवेची झाली. काँट्रॅक्टरने फूटपाथच्या मागचा ६ फूट ड्राइव्हवे उखडून नव्याने डांबर घातलं, वरचा जुना तसाच ठेवला आणि तो पुढच्या घराकडे वळला.

त्याच संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि गाडी वर घेताना बंपर खर्रर्रकन घासला. थोडं पुढे गेल्यावर गाडीचं पोटही टेकलं. मी म्हटलं, चला, खंबाटकी घाट दारातच आला.

गाडीचं एक वेळ ठीक आहे. पण त्या वेळी पुण्याहून आई-बाबा आले होते. आईचे गुडघे दुखतात. दोनतीन दिवस ती आडवी पावलं टाकत कशीबशी उतरली आणि मग तिने संध्याकाळचं फिरणंच बंद केलं. "घरातच बरं वाटतं रे" म्हणायला लागली. थंडीत त्याच उतारावर बर्फ साचणार आणि त्यावरूनच मुलगी धावत स्कूलबस पकडणार, हेही डोळ्यांसमोर दिसत होतं.

आठवड्याने फोरमन एक कागद घेऊन आला. काम पूर्ण झालं, तक्रार नाही, इथे सही करा. मी पेन शोधत होतो. बाबा मराठीत म्हणाले, "माप घेतल्याशिवाय सही करायची नाही." बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून रिटायर झालेत. मी फोरमनला दोन दिवसांनी यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मला दुकानातून पारदर्शक प्लॅस्टिकची लांब नळी आणायला लावली. नळीत पाणी भरायचं, आत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, एक टोक गॅरेजच्या दारात आणि दुसरं फूटपाथपाशी धरायचं. दोन्हीकडे पाण्याची पातळी एकच असते. मग दोन्ही टोकांना जमिनीपासून पाण्यापर्यंत मोजायचं, येणारा फरक म्हणजे चढ. झाली पाणसळ! लेझर नको आणि ॲपही नको.

हिशोब असा निघाला. पूर्वी गॅरेजपासून रस्त्यापर्यंत ४० फुटांत ३० इंच चढ होता, म्हणजे सव्वासहा टक्के. आता फूटपाथच्या मागे २५ फूट उरले आणि चढ ३१ इंच झाला, कारण रस्त्याचा उतार वाढलेल्या रुंदीबरोबर आणखी खाली गेला. वरचे १९ फूट जुन्याच उताराचे, त्यात सव्वाचौदा इंच संपले. उरलेले पावणेसतरा इंच काँट्रॅक्टरने खालच्या ६ फुटांत कोंबले. म्हणजे २३ टक्के! इथे व्हीलचेअरच्या रॅम्पला १२ फुटांत १ फूट, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास मर्यादा असते, त्यावरून अंदाज करा.

बंपर का घासतो तेही कळलं. फूटपाथला २ टक्के उतार आणि लगेच २३, म्हणजे २१ टक्क्यांचा खटका. माझ्या गाडीचं नाक पुढच्या चाकाच्या ३ फूट पुढे आहे. तेवढ्या अंतरात रस्ता साडेसात इंच वर येतो आणि बंपर जमिनीपासून आहे ७ इंचांवर. घासणारच.

बाबांनी वहीत पेन्सिलीने उपाय काढला. सगळे २५ फूट नव्याने करायचे. खालचे ५ फूट ६ टक्के, मधले १५ फूट सुमारे १३ टक्के, वरचे ५ फूट पुन्हा ६ टक्के. चढ तोच ३१ इंच, पण एकही खटका ७ टक्क्यांच्या वर जात नाही. मी ते एक्सेलमध्ये घातलं, फोटो जोडले आणि सही न केलेल्या कागदासकट काउंटीच्या इंजिनियरला पाठवलं.

पहिलं उत्तर आलं, "आमची हद्द ६ फुटांपर्यंतच." खरं होतं. आमच्या जागेत काम करायला त्यांना आमची तात्पुरती परवानगी लागते आणि आधीच्या मालकाने तेवढीच दिली होती. मी लिहिलं, उरलेल्या १९ फुटांची परवानगी मी देतो, फुकट. मग इंजिनियर स्वतः आला, लेव्हल लावली आणि मान डोलावली. ऑक्टोबरात काम झालं.

सगळं फुकटात झालं असं मात्र नाही. मधे जवळजवळ फूटभर खोदावं लागल्याने दोन्ही बाजूंची हिरवळ उंच राहिली. तिथली छोटी दगडी भिंत माझ्या खर्चाने झाली आणि आईने लावलेली शेवंती गेली.

अनुभवावरून चार गोष्टी:

१. काम सुरू होण्याआधी आपल्या ड्राइव्हवेचा उभा छेद मागा. नुसता वरून काढलेला नकाशा पुरत नाही.
२. परवानगीचा कागद गॅरेजपर्यंतचा द्या.
३. स्वतः खोदणार असाल तर आधी ८११ ला फोन करा. गॅसची लाइन वरच असू शकते.
४. गॅरेज रस्त्यापेक्षा खाली असेल तर दारासमोर आडवी गटार-जाळी मागा, नाहीतर पाणी आत येईल.

आई-बाबा नोव्हेंबरात परत गेले. जायच्या आदल्या संध्याकाळी आई माझा हात न धरता खाली उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. नळी अजून गॅरेजमध्ये आहे. जवळपासच्या कुणाला हवी असेल तर घेऊन जा.