न्यू म्हटल्यावर आधी कोण जागं होतं?

जावामध्ये ‘खाते’ हा क्लास आहे आणि त्याला एक्स्टेंड करून ‘बचतखाते’ लिहिला आहे. आता आपण ‘न्यू बचतखाते’ म्हटलं. नव्याने शिकणाऱ्या अनेकांना वाटतं की इथे दोन ऑब्जेक्ट तयार होतात, एक पालकाचा आणि एक मुलाचा. तसं नाही. ऑब्जेक्ट एकच. त्यात खात्याकडून आलेला खातेक्रमांक असतो आणि बचतखात्याचा स्वतःचा व्याजदरही.

आधी या सगळ्यासाठी मेमरी राखली जाते आणि प्रत्येक फील्डमध्ये शून्य किंवा नल भरलं जातं. मग बचतखात्याचा कन्स्ट्रक्टर ‘सुपर’ म्हणून वरच्याला हाक मारतो, तो त्याच्या वरच्याला. थेट ‘ऑब्जेक्ट’ या मूळ क्लासपर्यंत. हाक खालून वर जाते, काम मात्र वरून खाली पुरं होत येतं.

सुपर लिहिलं नाही, तर कंपायलर बिनपॅरामीटरचं सुपर स्वतःच घालतो. पण खात्याला फक्त खातेक्रमांक घेणारा कन्स्ट्रक्टर असेल, तर बचतखात्यात एरर येतो. कन्स्ट्रक्टर वारशाने मिळत नाहीत, आणि आपण एक लिहिला की कंपायलर आयता देत नाही. हा एरर सरळ आहे, लगेच सापडतो.

खरी काळजी घ्यायची ती पुढच्या गोष्टीची, कारण तिथे कंपायलर गप्प बसतो. समजा, खात्याचा कन्स्ट्रक्टर ‘माहितीदाखव’ ही मेथड बोलावतो. बचतखात्याने ती ओव्हरराइड करून व्याजदर छापला आहे आणि वर फील्डलाच 3.5 ही किंमत दिली आहे. चालवून बघा: छापून येतं 0.0. ओव्हरराइड केलेली मेथडच चालली, पण 3.5 भरण्याची पाळी अजून आलेली नव्हती; ती सुपरचं काम संपल्यावर येते. म्हणून कन्स्ट्रक्टरमधून ओव्हरराइड होऊ शकणारी मेथड बोलावू नये, असं मी आग्रहाने सांगते. बोलवायचीच असेल तर ती फायनल किंवा प्रायव्हेट ठेवा.

सी प्लस प्लसमध्ये हाच प्रोग्राम वेगळा वागतो. तिथे पालकाचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट निव्वळ ‘खाते’च मानला जातो, त्यामुळे मेथड व्हर्च्युअल असली तरी खात्याचीच चालते. पायथनमध्ये तर मुलाने स्वतःचं ‘इनिट’ लिहिलं की पालकाचं आपोआप चालतच नाही. सुपर विसरलात, तर खातेक्रमांक ऑब्जेक्टवर येतच नाही.